पांढरी पाच, किंचित चढी

आमच्या संगणकात एक रातकिडा राहतो. माउस हलवला की तो किरकिरतो, माउस थांबला की थांबतो. पडद्यावरचं पान भरभर खाली सरकवलं तर त्याची किरकिर चढत जाते आणि पान तळाला टेकलं की एकदम शांतता. जाणकार सांगतात की हा कीटक विजेचा आहे. डब्यातला प्रोसेसर कामाला लागला की आजूबाजूच्या तारांतून जी बारीक थरथर धावते ती शेजारच्या ध्वनीच्या वाटेत शिरते आणि स्पीकरमधून बाहेर पडते. थोडक्यात, यंत्र मनातल्या मनात जे पुटपुटतं ते आपल्याला ऐकू येतं. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. बदलापूरच्या मांजर्लीत पावसाळ्यात बेडूक, हिवाळ्यात लग्नाचे बँड आणि बारा महिने कर्जतकडे जाणाऱ्या गाड्यांचे भोंगे. त्यात एका किड्यानं असं काय बिघडणार? शिवाय तो काम करताना साथ देतो, आणि मी काम करत नसलो तर तेही घरभर सांगतो.

या किड्याचा सगळ्यात गंभीर श्रोता म्हणजे खिडकीत येऊन बसणारी करडी मांजर. ती आमची नाही, पण तसं तिला कुणी सांगितलेलं नाही. मी माउस हलवला की तिचे दोन्ही कान स्पीकरकडे वळतात, डोळे बारीक होतात आणि शेपटीचं टोक विचारात पडतं. बाबांना मात्र हा किडा मुळीच ऐकू येत नाही. कुठे आहे, कुठे आहे, असं म्हणत ते स्पीकरला कान लावून बसतात आणि शेवटी माझ्याकडे असं पाहतात की जणू मी लहानपणी पोट दुखतं सांगून शाळा बुडवायचो त्यातलाच हा प्रकार.

यात कुणाचाच दोष नाही. माणसाच्या कानाची धाव 20 ते 20,000 हर्ट्झ, हे स्पीकरच्या जवळजवळ प्रत्येक खोक्यावर छापलेलं असतं. पण ही धाव कोऱ्या कानांची. पुढे ती वरच्या अंगानं झिजत जाते, इतकी सावकाश की हरवलेल्या आवाजांची आठवणसुद्धा राहत नाही. चाळिशी ओलांडली की पंधरा हजारांच्या पलीकडे बहुधा सामसूम असते आणि सत्तरीनंतर आठ हजारांच्या वरचं जग जुन्या पत्रातल्या शाईसारखं फिकट होतं. मांजराचा कान 60,000 च्याही पुढे जातो. तेव्हा पूर्ण 20,000 हर्ट्झपर्यंत वाजणारे स्पीकर आणले, तर वरच्या पाच हजारांचे पैसे मी शेजारच्या मांजरीसाठी भरणार, त्याखालच्या सात हजारांचे माझ्यासाठी आणि उरलेल्या आठ हजारांचे बाबांसाठी. हिशेब जरा विचित्र होता, कारण स्पीकर आणायचे होते ते बाबांसाठीच, आणि पैसेही त्यांचेच होते. त्यांनी कपाटातल्या पाकिटातून दोन हजार रुपये काढून माझ्या हातावर ठेवले आणि म्हणाले, "यात बसव."

बसवायचं काय होतं, तर एका बुटाच्या खोक्यात मावणारं भजनी मंडळ. आम्ही मांजर्लीत येण्याआधी अंबरनाथच्या एका चाळीत राहायचो. बाबांची दिवसभर लेथवर ड्युटी आणि संध्याकाळी पेटी. मंडळात पखवाज होता, टाळ होते, आणि टाळांपेक्षा जोरात टाळ्या वाजवणारे दोन-तीन उत्साही शेजारी होते. कुणाच्या तरी आखाती देशातल्या मेव्हण्यानं पाठवलेला टू-इन-वन समोर ठेवून हे सगळं कॅसेटवर उतरवायचं, असा त्यांचा नेम होता. एक कॅसेट तर महाशिवरात्रीच्या रात्रीची. शके 982, म्हणजे 1060 सालचं आमचं शिवमंदिर त्या दिवशी माणसांनी वेढलेलं असतं, आणि जत्रेतल्या पिपाण्या त्या रेकॉर्डिंगमध्ये अभंगाच्या प्रत्येक चरणानंतर हजेरी लावून जातात. या कॅसेटी विरून जायच्या आत संगणकावर घ्याव्यात आणि मग धडपणे ऐकाव्यात, एवढीच बाबांची मागणी होती. त्यासाठी साउंड कार्ड लागेल, असं कुणीतरी त्यांना सांगितलं होतं. स्पीकर तर लागतीलच. दोन हजारांत दोन्ही आणायचे म्हणजे कार्डाला किती आणि स्पीकरला किती, या प्रश्नावर आमच्या घरात जेवढी चर्चा झाली तेवढी घर घेतानाही झाली नव्हती.

साउंड कार्ड हा शब्द कानावर पडला की मी आपोआप ग्रँट रोडला उतरतो. त्या काळी संगणकाचा कुठलाही अवयव हवा असला की बदलापूरची माणसं दादरला उतरून, पूल ओलांडून, पश्चिम रेल्वेनं ग्रँट रोड गाठायची आणि तिथून लॅमिंग्टन रोडला चालत जायची. रस्त्याचं खरं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. पण 1903 ते 1907 या काळात मुंबईचा गव्हर्नर असलेला लॉर्ड लॅमिंग्टन त्या रस्त्यावरून जायला तयार नाही. दुकानदारांनी त्याला हार्ड डिस्कच्या ढिगाऱ्यात जणू आसरा दिला आहे. बदलापूर ते सीएसएमटी 68 किलोमीटर, आणि येताना गर्दीच्या लोकलमध्ये ते हिरवं कार्ड पोटाशी धरून उभं राहायचं. बाजूचे लोक विचारायचे, "काय आहे?" आवाज आहे, असं उत्तर दिलं की जरा जागा करून द्यायचे.

त्याआधीचा संगणक जवळजवळ मुकाच होता. त्याच्या पोटातल्या बिल्ल्याएवढ्या स्पीकरला एकच शब्द यायचा, 'टिक्' आणि 'पीं' यांच्या मधला. कॅनडातल्या अ‍ॅडलिब नावाच्या कंपनीनं 1987 मध्ये त्याला गाता येईल असं कार्ड काढलं, आणि 1989 मध्ये सिंगापूरच्या सिम वाँग हू या माणसाच्या क्रिएटिव्ह कंपनीनं साउंड ब्लास्टर आणलं, ज्याला गाताही येई आणि बोलताही. हा सिम वाँग हू लहानपणी हार्मोनिका वाजवायचा. मला ही गोष्ट फार आवडते. जगभरच्या संगणकांना कंठ फुटला त्याच्या मुळाशी ओठांवर बाजा घासत बसलेला एक पोरगाही होता, ही कल्पना पेटीवाल्याच्या मुलाला आवडणारच. तो 2023 च्या जानेवारीत गेला, तेव्हा मी बाबांना बातमी वाचून दाखवली. "पेटीवाला होता म्हणजे," असं म्हणून त्यांनी चष्मा पुसला.

ती कार्डं आणणं सोपं, पण बसवणं कठीण. कार्डावरच्या इवल्या टोप्या इकडच्या तिकडे करून त्याचा पत्ता ठरवायचा, मग संगणकाच्या कानात ए220 आय5 डी1 असा मंत्र लिहायचा. एक अक्षर चुकलं तर प्रिंटर रुसायचा किंवा माउस गोठायचा. आमच्या इमारतीत हा मंत्र फक्त दोघांना यायचा आणि आम्हाला सुटीच्या दिवशी सत्यनारायणाच्या गुरुजींसारखी बोलावणी यायची. चहा, पोहे, मग पडदा काढून उघड्या पाठीचा संगणक, घरातली सगळी मंडळी मागे उभी. आवाज आला की म्हातारी माणसं हात जोडायची. आज हे सांगितलं तर माझा भाचा विचारतो, "म्हणजे आवाज वेगळा घ्यावा लागायचा?" हो बाबा, आवाज वेगळा घ्यावा लागायचा, आणि तोही हप्त्यानं.

आता तो कुणी वेगळा विकत घेत नाही. मदरबोर्डवरच नखाएवढी चकती असते. बऱ्याचदा तिच्यावर खेकड्याचं चित्र असतं, कारण ती बनवणाऱ्या तैवानच्या रिअलटेक कंपनीचं तेच बोधचिन्ह. हा खेकडा फुकटात येतो म्हणून लोक त्याला नावं ठेवतात. मीही ठेवायचो, विशेषतः रातकिड्यामुळे. म्हणून आधी कागदावर मांडून पाहिलं. 16 बिटांच्या ध्वनीत आवाजाच्या 65,536 पायऱ्या असतात, आणि अगदी तळच्या कुजबुजीपासून माथ्यावरच्या गर्जनेपर्यंतचं अंतर सुमारे 96 डेसिबल. महागडी कार्डं याहूनही खोल शांततेचं वचन देतात. पण ती शांतता ऐकायची कुठे? निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलच्या वर आवाज असू नये, असं 2000 सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम सांगतात. मांजर्लीला हे नियम ठाऊक असल्याचं तिच्या वागण्यावरून दिसत नाही. आणि खुद्द आमच्या साध्या कॅसेटीचीच शांतता जेमतेम 50 डेसिबल खोल, त्याखाली फिस्स करत वाहणारी फितीची वाळू. उत्तम कार्ड आणलं असतं तर त्यानं ती वाळू कण न् कण टिपली असती, इतकंच.

त्यात बाबांनी, ज्यांना यातलं काही कळत नाही असं मी धरून चाललो होतो, संगणक भिंतीपासून ओढला आणि मागच्या बाजूला टॉर्च मारला. "हे तीन कसले?" तीन गोल भोकं होती: हिरवं, गुलाबी आणि निळं. हे रंग 1999 च्या सुमारास मायक्रोसॉफ्ट आणि इंटेल यांनी ठरवून दिले. हिरव्यात स्पीकर, गुलाबीत माइक. आणि निळ्यात? निळं म्हणजे बाहेरच्या यंत्राचा आवाज आत घेण्याची वाट. टेपरेकॉर्डर जोडायचा तो नेमका तिथेच. बाजारात मिळणाऱ्या स्वस्त, बोटाएवढ्या यूएसबी कार्डांना बहुधा ही वाट नसतेच. त्यांना असतो तो माइकचा रस्ता, अरुंद आणि एकपदरी, ज्यात टेपरेकॉर्डरचा आवाज घातला तर तो चेंगरतो. म्हणजे पैसे मोजून आम्ही घरात असलेल्यापेक्षा कमी काहीतरी आणणार होतो. निळं भोक इतकी वर्षं भिंतीकडे तोंड करून, धूळ खात, कुणीतरी काहीतरी सांगेल याची वाट पाहत बसलं होतं. बाबांनी त्यावर फुंकर मारली. कार्डाचा खर्च तिथल्या तिथे उडाला आणि दोन्ही हजार स्पीकरच्या नावे झाले.

स्पीकरसाठी लॅमिंग्टन रोड गाठायचा उत्साह आता नाही. उल्हासनगर दोन स्टेशनांवर. लष्कराच्या जुन्या छावणीत सिंधी निर्वासितांनी वसवलेलं हे गाव; 1949 मध्ये त्याला नदीचं नाव मिळालं, पण मोहल्ले अजून कॅम्प एक, कॅम्प दोन असेच मोजले जातात. घर सोडून आलेल्या माणसांनी काहीही विकून दाखवायचं ठरवलं, तेव्हापासून तिथे काही मिळत नाही असं होत नाही. आम्ही ज्या दुकानात शिरलो तिथल्या तरुणानं बाबांचे पांढरे केस पाहिले, माझी पिशवी पाहिली आणि छताला लागेल एवढं एक खोकं पुढे ओढलं. "काका, बारा हजार वॉट!"

बाबांनी खोक्याभोवती एक प्रदक्षिणा घातली. लेथवर आयुष्य काढलेला माणूस. वॉट म्हणजे काय हे त्यांना माझ्याहून नीट कळतं. आमचा पाणी तापवायचा गीझर दोन हजार वॉटचा, आणि तो लावला की मीटर धावत सुटतं. असे सहा गीझर गाण्याला लागले तर मांजर्लीच्या डीपीचं काय होईल, हे त्यांच्या डोळ्यांत स्पष्ट दिसत होतं. खोक्यावर वॉटच्या पुढे बारीक अक्षरांत पीएमपीओ लिहिलेलं होतं. हा संगीताच्या उत्कट क्षणी, निमिषमात्र, कागदावर मिळू शकणारा जोर. तो कसा मोजायचा याला एक ठरलेली पद्धत नाही, त्यामुळे ज्याचं मन जेवढं मोठं तेवढा आकडा. बाबांनी मागच्या बाजूचा अ‍ॅडाप्टर उलटा करून वाचला. 12 व्होल्ट, दोन अँपिअर. गुणाकार करून त्यांनी शांतपणे सांगितलं, "चोवीस." पोरगा हसला. फसवणूक पकडली गेल्याचं ते हसू नव्हतं. पाहुण्यानं जेवणात मीठ कमी आहे असं म्हटल्यावर यजमान हसतो, तसं काहीतरी.

खरं तर चोवीसही पुष्कळ झाले. बरा स्पीकर एका वॉटवर, एक मीटर अंतरावर, 85 डेसिबलच्या आसपास आवाज देतो, आणि 85 डेसिबल म्हणजे खालच्या काकू वर यायला निघाल्या. वॉट दुप्पट केले तर वाढतात अवघे तीन डेसिबल, जे कानाला जेमतेम उमगतात. आवाज दुप्पट वाटायला वॉट दहापट लागतात. घरात बसून भजन ऐकणारा माणूस बहुतेक वेळ एका वॉटच्याही आतच असतो. बाकीचे अकरा हजार नऊशे नव्व्याण्णव रस्त्यावरून जाणाऱ्यांना खोकं दाखवण्यासाठी.

त्या खोक्यात जमिनीवर ठेवायचा एक जाडजूड सबवूफरही होता. सबवूफर जमिनीवर, कोपऱ्यात ठेवावा म्हणजे खर्ज भरतो, असं शास्त्र सांगतं आणि ते खरंही आहे. इतक्या खालच्या स्वरांची दिशा कानाला कळत नाही, आणि कोपऱ्याच्या भिंती त्यांना फुकटात उचलून धरतात. पण हे शास्त्र उल्हास नदीच्या काठी लिहिलेलं नाही. 26 जुलै 2005 च्या पुरानंतर बदलापूर पश्चिमेत जमिनीवर विजेची वस्तू ठेवणाऱ्या माणसाकडे लोक काळजीनं पाहतात. पुढे 2019 च्या जुलैत वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली, हजारावर प्रवाशांना बोटींतून काढलं, त्या दिवशी आमच्याकडे डोक्यावर हेलिकॉप्टरचा खर्ज होता आणि पायाखाली नदीचा. तळमजल्यावरच्या काकूंचा मिक्सरसुद्धा जून ते सप्टेंबर माळ्यावर असतो. त्यांना मी सबवूफरची योग्य जागा सांगितली असती, तर त्यांनी मला माझी दाखवली असती.

मग बाबांनी स्पीकर तपासायची स्वतःची रीत काढली. पोरगा फोनवरून एक गाणं वाजवत होता, ज्यात गाणाऱ्यापेक्षा धक्के जास्त होते. बाबा म्हणाले, "बातम्या लाव." त्याला वाटलं, काकांना निकाल वगैरे ऐकायचा असेल. त्यानं आकाशवाणीच्या मराठी बातम्या लावल्या. बारा हजार वॉटांतून निवेदिका पिंपात बसून बोलत असल्यासारखी वाटत होती. बाबा पुढच्या जोडीकडे सरकले, मग त्याच्या पुढच्या. त्यांचं म्हणणं साधं होतं: गाण्यात काय असायला हवं होतं हे आपल्याला ठाऊक नसतं, पण माणूस बोलताना कसा ऐकू येतो हे प्रत्येकाला ठाऊक असतं. दुकानदार पोरगाही आता कान देऊन ऐकू लागला होता. अखेर एका कोपऱ्यात, लाकडी भुशाच्या फळीचे, कोपरा चेपलेले दोन ठेंगणे स्पीकर निघाले. त्यांच्यातून निवेदिका समोर येऊन बसली. पावसाचा अंदाज सांगताना तिनं मध्येच घेतलेला श्वासही ऐकू आला. चेपलेल्या कोपऱ्यामुळे किंमत दोन हजारांच्या आत आली, आणि उरलेल्या पैशांत दोन्ही टोकांना पिन असलेली एक वायर.

घरी येऊन सगळं जोडलं, टू-इन-वन निळ्या भोकात, स्पीकर हिरव्यात, आणि पहिल्यांदा ऐकू आला तो अखंड, गंभीर हुंकार. मी निराश झालो. बाबा मात्र मान तिरकी करून ऐकत राहिले. हा आवाज त्यांच्या आठ हजारांच्या खूपच आतला होता, त्यांच्या राज्यातला. ते उठले, पेटी काढली, भाता उघडला आणि एक पट्टी दाबून धरली. "पांढरी पाच," ते म्हणाले. मग जरा थांबून, "किंचित चढी आहे."

मी नंतर पडताळून पाहिलं. आपली वीज सेकंदाला 50 हेलकावे घेते, आणि तिच्या हुंकारात कानाला ठळक लागतो तो त्याच्या दुप्पट, 100 हर्ट्झचा स्वर. पांढरी पाच खालच्या सप्तकात 98. दोन हर्ट्झची चढण लेथवर हयात घालवलेल्या सत्तरीपारच्या कानानं नुसत्या पेटीवर पकडली होती. तरुणपणी काळी दोनमध्ये गाणारे बाबा वयापरत्वे उतरत पांढरी एकवर आले आहेत, आणि पांढरी एकचा पंचम म्हणजे पांढरी पाच. घरातली वीज त्यांना तंबोऱ्यासारखा पंचम धरून देत होती, फक्त जवारी लावायची राहिली होती. त्यांनी दोन आलाप घेऊन पाहिले. मग वैतागून म्हणाले, "नाही जमत. खाली ये म्हणावं तिला थोडी." विजेला खाली आणणं आमच्या हातात नव्हतं, पण टू-इन-वनला विजेपासून तोडणं होतं. त्याच्या पाठीतलं झाकण उघडून मोठे सेल भरले, भिंतीतला प्लग काढला, आणि हुंकार विझला. जमिनीतून फिरून येणाऱ्या विजेचं चक्र तुटलं की तो जातोच. यासाठी लोक ट्रान्सफॉर्मर बसवलेली महागडी यंत्रं विकत घेतात.

रातकिडा उरला होता. त्यावरचा उपाय आईनं सुचवला: "माउसला हात लावू नका ना मग." म्हणून रेकॉर्डिंग चालू असताना आम्ही सगळे हात मांडीवर ठेवून, फोटो काढायला बसल्यासारखे बसायचो. मांजरसुद्धा.

तरीही भजन गोणपाटाआडून यावं तसं येत होतं. टाळ होते, पण टाळांची किणकिण नव्हती. बाबांनी टू-इन-वनचं झाकण काढलं, कापसाला स्पिरिट लावून हेड पुसलं आणि त्याच्या शेजारचा एक बारीक स्क्रू मला दाखवला. फीत ज्या कोनात हेडला चाटून जाते तो कोन हा स्क्रू ठरवतो. कोन जरासा ढळला की आधी जातो तो वरचा, झळाळीचा आवाज. त्यांनी घड्याळजीचा स्क्रूड्रायव्हर घेतला. त्यांच्या हाताला कागदाच्या जाडीइतका फेर कळतो, पण ज्यासाठी फेर द्यायचा तो आवाज त्यांच्या कानांना येत नाही. माझ्या कानाला येतो, पण माझा हात आजवर डबा उघडताना झाकण वाकवणारा. म्हणून ते फिरवायचे आणि मी ऐकायचो.

"आता?"

"थोडं अजून."

"आता?"

"गेलं. मागे या."

"आता?"

आणि टाळ लागले. पखवाजाच्या चाटीवरची बोटं वेगळी झाली, कुणीतरी खोकलं, जत्रेतली पिपाणी भिंतीपलीकडून खोलीत आली. "आले," मी म्हणालो. बाबांना फरक ऐकू आला नसणार. ते माझ्या चेहऱ्याकडे पाहत होते, आणि तिथे त्यांना काय दिसायचं ते दिसलं. त्यांनी स्क्रूवर आईच्या नेलपॉलिशचा थेंब सोडला, म्हणजे तो पुन्हा हलणार नाही. कारखान्यात ते असंच करायचे.

महाशिवरात्रीच्या कॅसेटमध्ये, दुसऱ्या अभंगाच्या मध्यावर, एक जागा आहे. बाबांचा आलाप वर चाललेला असतो आणि मागून एक तरुण बाई विचारते, "अहो, चहा टाकू का सगळ्यांना?" लगेच पेटीच्या भात्याआडून, दातांतून, "शूऽऽ." मग पुन्हा आलाप. ही जागा इतकी वर्षं फितीच्या वाळूखाली होती. नव्या स्पीकरांतून ती बाई निवेदिकेसारखीच समोर आली. प्रश्न विचारण्याआधी तिनं घेतलेला श्वासही आला. बाबांनी मला ती जागा मागे घ्यायला लावली. मग पुन्हा. आलापाचं त्यांना काही नव्हतं, आलाप ते ऐकतही नव्हते. "हिचा आवाज जरा वाढवता येईल का?" त्यांनी मला हळूच विचारलं.

आतून, कुकरच्या तिसऱ्या शिट्टीवरून, आत्ताचा तोच आवाज आला: "तेव्हा गप्प केलंत, आता स्पीकर आणलेत!"

बाबा काही बोलले नाहीत. माझ्याकडे वळून म्हणाले, "चहा टाकू का विचार तिला. की मी टाकू?"

साउंड कार्ड आणि स्पीकर यांच्या खरेदीबद्दल मला कुणी विचारलं तर आता माझं मत ठरलेलं आहे. कार्डावर पैसे घालू नका, आधी संगणक ओढून मागे निळं भोक आहे का बघा. स्पीकर बातम्यांवर तपासून घ्या आणि वॉट अ‍ॅडाप्टरवरचे वाचा. सेल नवे आणा. आणि घरात जुन्या कॅसेटी असतील तर त्या वाजवण्याआधी एक करा: कॅसेटच्या माथ्याच्या कडेला दोन टोकांना दोन चिमुकल्या प्लास्टिकच्या पट्ट्या असतात. त्या शाबूत असल्या तर चुकून लाल बटण दाबलं की आहे त्याच्यावर नवं रेकॉर्ड होतं. आजच स्क्रूड्रायव्हर घेऊन दोन्ही मोडून टाका.